आधी माप, मग रायफल

सकाळी 5.45

पावसाळ्यात रेंजचं कुलूप काढलं की मी आधी वास घेते. लेनवर नंतर जायचं, आधी जॅकेटांची खोली. कॅनव्हास आणि चामडं मिळून शिवलेली ही जॅकेटं घामाने भिजतात, आणि आषाढात कोल्हापुरात काही वाळत नाही. कुबट वास आला की समजायचं, काल संध्याकाळच्या बॅचमधल्या कुणीतरी जॅकेट हँगरला न लावता कपाटात कोंबलंय. आज वास आलाच. कॉलरखाली पांढुरकी बुरशी धरली होती. कोरड्या फडक्याने पुसलं आणि पंख्याखाली टांगलं. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवायचं नाही, चामडं आक्रसतं आणि कडक होतं. स्पर्धेत कडक जॅकेट चालत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमांप्रमाणे कापडाची जाडी एकेरी 2.5 मिलिमीटरच्या आत लागते, शिवाय ते वाकतं किती हेही यंत्रावर बघतात. ठरलेल्या दाबाखाली कापड निदान 3 मिलिमीटर खाली गेलं नाही तर जॅकेट बाद. हजारो रुपये मोजून ‘भक्कम’ जॅकेट आणलेल्या पालकांना हे ऐकवताना जरा जिवावर येतं.

मग हवा. आमच्या बहुतेक रायफली दाबाखालच्या हवेवर चालतात. पाणबुड्यांची असते तसली मोठी टाकी कोपऱ्यात साखळीने बांधलेली आहे, तिच्यातून रायफलीचे छोटे सिलिंडर 200 बारपर्यंत भरायचे. व्हॉल्व्ह एकदम उघडला की सिलिंडर तापतो आणि काटा खोटं बोलतो: 200 दाखवतो आणि निवल्यावर 180 वर येतो. म्हणून सावकाश. भरताना प्रत्येक सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचते. कंपन्या साधारण 10 वर्षांची मुदत देतात. ती उलटली की सिलिंडर वरून कितीही चकचकीत असो, आमच्याकडे तो भरत नाहीत. मदतीला असलेल्या पोराला मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता तोच लोकांना दरडावतो.

सकाळी 6.30

पहिली बॅच हौशी लोकांची. इथं कुणाला पदक नको असतं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक दंतवैद्य बाई, कॉलेजातले दोन प्राध्यापक, आणि पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आलं हे रोज आल्या आल्या सांगणारे एक कंत्राटदार. पाऊस लागला की या बॅचमध्ये नेमबाजीच्या आधी इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट याचीच चर्चा असते.

काकांना स्वतःची रायफल घ्यायचीय. कालपासून तेच चाललंय.

“ताई, हिची पॉवर किती?”

“साडेसात ज्यूलच्या आसपास, काका.”

“एवढीच? दुकानदार अठरावाली दाखवत होता की.”

“मग? दहा मीटरवर कागदच फाडायचाय की आपल्याला.”

पॉवरचा हा हिशेब डोक्यातून काढायला वेळ लागतो. मॅच रायफलीचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, सेकंदाला 170 मीटरच्या आगेमागे जातो. जोर मुद्दामच कमी ठेवलेला असतो, कारण जोर वाढला की धक्का वाढतो, आवाज वाढतो, आणि छर्रा नळीतून निघेपर्यंत रायफल हलायला निमित्त मिळतं. स्प्रिंगवर चालणाऱ्या जोरदार एअरगनमध्ये पिस्टन पुढे धावतो, थांबतो, आणि रायफल आधी मागे, मग पुढे असा दुहेरी झटका खाते. तिला घट्ट आवळून धरलं तर नेम जास्तच भटकतो, सैल हातावर ठेवावी लागते. मजा त्यातही आहे. पण ती वेगळी विद्या.

कायद्याचा प्रश्नही काकांनी विचारला, आणि तो बरोबर विचारला. आपल्याकडे 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पॉइंट टू टू (.22) नळी म्हटलं की मात्र शस्त्रपरवाना आलाच. परवाना लागत नाही याचा अर्थ ती गच्चीवर कशीही चालवावी असा नव्हे. काकांच्या घरी गच्ची लांब आहे, मागे शेजाऱ्यांची खिडकी आहे. मी सांगितलं, छर्रा अडवणारी लोखंडी पेटी आणि तिच्यामागे आख्खी भिंत असल्याशिवाय घरी एकही छर्रा नाही.

त्यांना मी काय सुचवलं? जॅकेट नको, पॅन्ट नको. त्यांची कंबर दुखते. उभं राहून पाच किलो तोलायचा हट्ट कशाला? टेबलावर टेकू देऊन बसून मारावं, फार आनंद मिळतो त्यातही. रायफल हलकी, गालाचा आणि खांद्याचा भाग सरकवता येणारी, हवेवर चालणारी क्लब दर्जाची. आता प्रेसिहोलसारख्या आपल्याच देशातल्या कंपन्या तसल्या रायफली बनवतात, सुटे भाग मागवायला जर्मनीची वाट बघावी लागत नाही. पण हवेची रायफल घेतली की हवा भरायची सोय लागते. हातपंपाने 200 बार भरणं साठीच्या माणसाचं काम नाही. ते इथं येऊन भरणार असतील तर ठीक, नाहीतर एका झटक्यात हवा दाबून घेणारी जुन्या धाटणीची बाजूच्या दांड्याची रायफल मिळाली तर ती बघावी. दर छर्ऱ्याला दांडा ओढावा लागतो, पण टाकी, पंप, तारीख, कसलीच कटकट नाही.

काका वहीत लिहून घेतात. मग हळूच म्हणतात, “पण ती जर्मन दिसते झकास.”

सकाळी 8.15

शाळेआधीची मुलं. आज एक नवी मुलगी आलीय, आठवीतली, उंच, मान लांब. तिच्या वडिलांनी फोनवरच विचारलं होतं की कुठल्या कंपनीची घेऊ. मी म्हटलं, आधी मुलगी पाठवा.

सगळ्यात आधी डोळा. दोन्ही हात समोर लांब करायचे, तळव्यांमध्ये रुपयाएवढं भोक ठेवायचं, त्यातून भिंतीवरचा घड्याळाचा काटा बघायचा आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. हात आपोआप ज्या डोळ्यावर येतात तो मास्टर डोळा. हिचे हात डाव्या डोळ्यावर आले. लिहिते उजव्या हाताने. अशा मुलांची उजवी रायफल आधीच घेऊन ठेवलेली असली की घरी नुसता गोंधळ. हिच्यासाठी अजून काहीच घेतलेलं नाही, त्यामुळे डाव्या खांद्यावर शिकवून बघायला वाव आहे. मी आठवडाभर दोन्ही बाजूंनी उभी करणार. उजवीकडेच बरं वाटलं तर डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावता येते. नियमात तिची रुंदी 30 मिलिमीटरपर्यंत चालते. डोळा मिटून मारायची सवय मात्र लावायची नाही, उघड्या डोळ्यावरही ताण येतो.

मग उभं राहणं. रायफल हातात न देता. पाय खांद्याएवढे फाकून, शरीर निशाणाला आडवं, पुढच्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर. मुलं आधी दंडाच्या जोरावर रायफल उचलतात, मिनिटाभरात थरथरतात. कोपराखाली हाड सापडलं की थरथर थांबते. आता रायफल दिली, आणि ही मुलगी मान वाकवून साईटमध्ये डोकावायला लागली. लांब मानेची सगळी मुलं हेच करतात. मी तिला सरळ उभी केली, डोकं जिथं आहे तिथंच ठेवायला सांगितलं, आणि रायफल तिच्याकडे आणली. खांद्याला टेकणारी बट प्लेट दोन बोटं खाली सरकवली, म्हणजे रायफल तेवढीच वर आली. गालाची पट्टी वर घेतली. तरी साईट डोळ्याच्या खालीच राहिली, तेव्हा पुढच्या-मागच्या साईटखाली उंची वाढवणारे ठोकळे बसवले. तळहाताखाली एक लाकडी ठोकळा. निशाणाचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर असतो. तो काही आपल्यासाठी वर-खाली होत नाही.

“आता डोळे मीट. दोन श्वास घे. उघड.”

“मॅडम, मी डावीकडे बघतीय.”

“हात हलवू नको. मागचा पाय थोडा सरकव.”

पाय सरकवला, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. यावेळी काळं वर्तुळ साईटच्या कड्यात होतं. हात लावून नेम आणायचा नाही, शरीर तिकडंच वळलेलं असायला हवं. पहिल्या दिवशी छर्रा भरलाच नाही. तीन-चारदा कोरडा ट्रिगर ओढवून घेतला आणि शाळेला पिटाळलं. तिच्या कार्डावर लिहून ठेवलं: बट प्लेट किती खाली, गाल किती वर, ठोकळे किती जाड. वडील उद्या रायफल बघायला गेले तर त्यांनी हे कार्ड न्यायचं. हे आकडे ज्या रायफलीत बसत नाहीत ती रायफल, कंपनी कुठलीही असो, तिची नव्हे.

सकाळी 10.30

एक कुटुंब भेटायला आलं. मुलगा बारावीत. वडील थेट मुद्द्यावर: “स्वप्निल कुसाळेची रायफल कुठली? तीच घ्यायची आम्हाला.”

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोराने ब्राँझ घेतलं आणि तेव्हापासून हा प्रश्न थांबलेला नाही. मला त्याचा राग येत नाही. नेमबाज तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हाही असंच झालं होतं. पण स्वप्निलचा प्रकार 50 मीटरचा, गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून असा तीन अवस्थांचा, पॉइंट टू टूच्या रायफलीचा. ती परवान्याची वस्तू. हा मुलगा सुरुवात करणार 10 मीटर एअर रायफलवर. दोन्हींत साम्य एवढंच की दोन्ही खांद्याला लावतात.

मी कागद घेतला आणि त्यांना एक छोटं गणित दाखवलं. दहा मीटरच्या कार्डावर काळा भाग 30.5 मिलिमीटरचा आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा 4.5 चा. ठिपक्याला छर्ऱ्याची कड नुसती लागली तरी दहा. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की काम झालं. त्यापुढे दर अडीच मिलिमीटरला एक गुण कमी. आता नवा मुलगा दहा छर्ऱ्यांत 85 करतो तेव्हा त्याचे छर्रे सरासरी पाच मिलिमीटर दूर पडत असतात. दोन लाखांच्या पुढची रायफल आणि क्लबची साधी रायफल यांच्यातला फरक, शिकंजात धरून मारलं तर, एखाद-दोन मिलिमीटरचा. उरलेले मिलिमीटर कुणाचे?

वडील मुलाकडे बघायला लागले. मुलगा छताकडे.

मग खर्चाचा क्रम. माझा क्रम दुकानदाराच्या अगदी उलटा आहे, त्यामुळे माझ्यावर काही दुकानदार नाराजही आहेत. आधी छर्रे, भरपूर, एकाच लॉटचे. मग बूट: सपाट, कडक तळाचे, आणि ते घालून रेंजबाहेर चहाला जायचं नाही, तळ झिजला आणि वाकला की गेला. मग हातमोजा. वर्षभर टिकला तर जॅकेट-पॅन्ट, तेही वाढीच्या वयात नवंकोरं नाही, क्लबमधल्या मोठ्या मुलाचं. रायफल सगळ्यात शेवटी. तोवर क्लबची वापरायची, भाड्याने. याचा एक फायदा कुणी बोलून दाखवत नाही: सहा महिन्यांत मुलाचा उत्साह संपला तर घरात विकायला काही नसतं.

स्पर्धांचंही विचारलं. जिल्हा, राज्य, आणि पुढे जी. व्ही. मावळंकर यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच. हे सांगितल्यावर आईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं: “म्हणजे हा बरा खेळ असावा.”

दुपारी 12.00

रेंज रिकामी. हे तास माझ्या आवडीचे. एका ज्युनिअर मुलीची राज्य स्पर्धा जवळ आलीय, तिच्या रायफलीला छर्रे निवडायचे आहेत.

रायफल शिकंजात घट्ट आवळायची, माणूस मधून काढून टाकायचा. पाच डबे, छर्ऱ्याच्या डोक्याची मापं वेगवेगळी: 4.49, 4.50, 4.51. डोळ्यांना काही फरक दिसत नाही, नळीला कळतो. प्रत्येक नळीची आवड वेगळी, आणि ती रायफलीच्या किमतीवरून ठरत नाही. ट्रेमध्ये छर्रे ओतून आधी वाकडे बाजूला काढले. पातळ शिशाचा घेर डब्यात आपटून चेपतो. मग प्रत्येक लॉटचे दहा छर्रे, एकाच भोकात एकामागून एक. दहा झाले की कार्ड पुढच्या जागी सरकवायचं.

पहिल्या लॉटचं भोक कॅलिपरने बाहेरून बाहेर 7.1. दुसऱ्याचं 8.6, आणि एक छर्रा उजवीकडे पळालेला. तिसऱ्याचं 6.4, गोल, चक्क नाण्यासारखं कापलेलं. यातून छर्ऱ्याचे 4.5 वजा केले की छर्ऱ्यांच्या मध्यांमधलं अंतर जेमतेम दोन. चौथा तिसऱ्याच्या जवळ. पाचवा सर्वांत महाग डबा, सर्वांत वाईट भोक. लॉटचा नंबर लिहून घेतला, त्याच नंबरचे डबे मिळाले तर स्पर्धेपर्यंत पुरतील एवढे मागवायचे.

हौशी माणसाने एवढं करू नये. त्याने चपट्या डोक्याचे छर्रे घ्यावेत, कार्डावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजायला भांडण होत नाही. टोकदार किंवा गोल डोक्याचे छर्रे लांबच्या निशाणांसाठी. दहा मीटरवर त्यांचं भोक फाटकं दिसतं.

शेवटी साबणाने हात. शिसं आहे ते. जेवणाचा डबा त्यानंतर.

दुपारी 3.00

इचलकरंजीहून एक तरुण जुनी मॅच रायफल घेऊन आला. विकणाऱ्याने ‘फक्त क्लबमध्ये वापरलेली’ सांगितलंय, त्याला घ्यायची आहे, दोन दिवसांसाठी बघायला आणलीय. अशा वेळी मी फोटोवरून मत देत नाही, हातात आल्यावर देते.

बिल आहे का? आहे. रायफलीचा नंबर बिलाशी जुळतो का? जुळतो. बिल नसतं तर पुढे काही बघितलंच नसतं.

सिलिंडर: मुदत दोन वर्षांपूर्वीच गेलेली. नवा सिलिंडर म्हणजे मोठा खर्च, तो किमतीतून वजा करायचा. स्टॉकच्या मानेशी भेग आहे का, हे टॉर्च लावून बघितलं, नाही. मागच्या साईटचा दट्ट्या क्लिक-क्लिक फिरवला: आठ क्लिक उजवीकडे, आठ परत. छर्रे पुन्हा त्याच जागी यायला हवेत. आले. नळीच्या तोंडाला ओरखडा नाही.

मग वेगमापक. पाच मिनिटं रायफल नुसती ठेवली, मग एक छर्रा: 179. लगेच पुढचे: 172, 171, 172, 171. पुन्हा पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा एक: 178. रोग इथं होता. सिलिंडरमधला 200 बारचा दाब कमी करून पुढे पाठवणारा रेग्युलेटर गळत होता; रायफल थांबली की आतला दाब हळूहळू चढतो आणि विश्रांतीनंतरचा पहिला छर्रा जोरात जातो. रेंजवर उभा असलेला माणूस मात्र समजतो की आपलाच हात चुकला, आणि साईट फिरवत बसतो. दुरुस्ती होते, सील बदलले की बहुतेकदा निस्तरतं. पण किंमत त्या हिशेबाने ठरली पाहिजे.

“मग घेऊ नको म्हणता?”

“घे की. सिलिंडर आणि सील वजा करून घे. रायफल चांगलीच हाय, किंमत चांगली नाही.”

त्याला उंची विचारली, खांद्याला लावून दाखवायला सांगितलं. बसत होती. एवढं तरी जमलं.

संध्याकाळी 5.30

संध्याकाळची बॅच गर्दीची आणि माझ्यासाठी कमी विचाराची. लेनवर फिरायचं, छर्रा नसताना नळीत केशरी फ्लॅग आहे ना बघायचं, कुणी मागे वळताना नळी फिरवली तर ओरडायचं. एका मुलाच्या जॅकेटची बकल तुटली. सुभाषनगरात चप्पल शिवणारे एक कारागीर आमची चामड्याची कामं करून देतात, त्यांच्याकडे उद्या. पाऊस वाढल्यामुळे दोघी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्या लेनवर प्राध्यापकांपैकी एकजण परत आले आणि उगाच चाळीस छर्रे मारून गेले. रोजच्या मीटिंगांनंतर हे औषध आहे म्हणतात. स्कोअर विचारला तर सांगत नाहीत.

संध्याकाळी 7.45

हवा संपत आलेले सिलिंडर वेगळे ठेवले. मोठ्या टाकीचा काटा बघितला, परवा भरायला पाठवावी लागेल, रस्ते चालू असले तर. छर्ऱ्यांची ऑर्डर लिहिली: 4.50 चे वीस डबे, 4.49 चे दहा, त्या मुलीच्या लॉटचे मिळतील तेवढे.

तेवढ्यात सकाळच्या उंच मुलीच्या वडिलांचा फोन. दुकानात उभे होते. समोर उजव्या हाताची रायफल, सूट मिळतेय, आजच्या आज घेतली तर जॅकेट फुकट.

“मॅडम, काय करू?”

“जॅकेट कुठल्या मापाचं देतायत?”

“फ्री साइज म्हणतात.”

“मग घरी जावा. आणि मुलीला उद्या सव्वाआठला सपाट बूट घालून पाठवा, शाळेचे चालतील.”